जनसंवादात पीएच.डी. करायची आहे? आधी सामग्री कुठे आहे ते पाहा

पत्रकारिता आणि जनसंवाद या विषयात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की अवघड टप्पा संपला असे अनेकांना वाटते. गाडी खरी अडते ती साधारण दुसऱ्या वर्षी. शीर्षक मंजूर झालेले असते, संदर्भ साहित्याचे प्रकरण लिहून झालेले असते आणि तेव्हा लक्षात येते की ज्या वाहिनीची बुलेटिन तपासायची होती ती कुठेच जपून ठेवलेली नाहीत, किंवा ज्या दैनिकाच्या दहा वर्षांच्या फायली पाहायच्या होत्या त्यातली मधली तीन वर्षे वाळवीने खाल्ली आहेत. शीर्षक बदलायचे तर पुन्हा समिती, पुन्हा अर्ज आणि सहा महिने गेले. या लेखात नियम आहेतच, पण भर आहे तो सामग्री आधी पक्की करण्यावर. उदाहरणे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची घेतली आहेत. नियम मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे देशभर लागू असणारे.

पात्रता आणि घड्याळ

सध्या लागू असलेली नियमावली आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित केली. तिच्यानुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांची पदवी केलेल्यांना थेट प्रवेश मिळू शकतो, मात्र त्यासाठी ७५ टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे.

कोर्सवर्क (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून किमान तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे, हा मूळ कालावधी. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही वर्षे प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जातात, शीर्षक मंजूर झाल्यापासून नव्हे. शीर्षकाला वर्ष लागले तर ते तुमच्या सहातूनच वजा होते.

एम.ए. मराठी, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्रात झाले असेल तर जनसंवादात नोंदणी होते का? काही विद्यापीठे संलग्न विषयांची यादी देऊन परवानगी देतात, काही देत नाहीत. ती यादी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असते. तिथे विषय शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नंतर चार विद्याशाखा झाल्या आणि अनेक विद्यापीठांत पत्रकारिता ही मानव्यविद्येत नसून आंतरविद्याशाखीय अभ्यासात गेली. मानव्यविद्येच्या यादीत विषय दिसला नाही म्हणून जागाच नाहीत असे समजू नका.

नेट की पेट

मार्च २०२४ मध्ये आयोगाने ठरवले की २०२४-२५ पासून नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरता येतील. नेटचा निकाल आता तीन गटांत लागतो: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते, आणि ते गुण प्रवेशासाठी वर्षभरच चालतात. डिसेंबरच्या नेटमध्ये तिसऱ्या गटात आलात आणि विद्यापीठाची जाहिरात दीड वर्षाने निघाली, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.

विद्यापीठ स्वतःची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, घेणार असेल तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पत्रकारितेची मुले विषयाच्या भागात तरतात आणि संशोधन पद्धतीत गुण घालवतात. चल (व्हेरिएबल), गृहीतक, नमुना निवड, विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक, कोणत्या सामग्रीला कोणती चाचणी लावायची, इतकी तयारी पेटसाठी पुरते.

नेटला या विषयाचा क्रमांक ६३ आहे. पहिल्या पेपरात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न, एकूण ३०० गुण, सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीतून एम.ए. केलेल्यांनी सिद्धान्तांची इंग्रजी नावे आधीपासून पाठ ठेवावीत; संकल्पना येत असूनही नाव न ओळखल्यामुळे प्रश्न हातचा जातो. सेट ही राज्याची पात्रता परीक्षा वेगळी, तिच्यातून जेआरएफ मिळत नाही.

नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, फक्त एनओसी (कार्यालयाचे ना-हरकत पत्र) नीट हवी. कार्यालये 'हरकत नाही' एवढेच लिहून देतात आणि अर्ज परत येतो. पत्रात तीन गोष्टी लागतात: अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन केलेली पीएच.डी. मान्य नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

कुठे आणि कोणाकडे

राज्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठ यांचे स्वतंत्र विभाग आहेत. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचार विभाग आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे माध्यम व सांस्कृतिक अभ्यास विद्यालय (स्कूल) चित्रपट, माहितीपट आणि संस्कृतीच्या अंगाने काम करणाऱ्यांना जास्त जवळचे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबाद विद्यापीठाचा संज्ञापन विभाग आणि दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे जनसंचार संशोधन केंद्र यांचा विचार अवश्य करावा.

पण विद्यापीठापेक्षा गाइड, म्हणजे संशोधन मार्गदर्शक, महत्त्वाचा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. विभागात गाइड मोजकेच असल्याने जागाही मोजक्याच निघतात. अर्ज करण्याआधी प्रत्येक गाइडविषयी तीन गोष्टी काढा. रिकाम्या जागा किती. निवृत्तीला किती वर्षे उरली. तीनहून कमी उरली असतील तर त्यांना नवा संशोधक घेता येत नाही. आणि त्यांच्याकडे आजवर झालेले प्रबंध कोणत्या पद्धतीचे आहेत. तिसरी गोष्ट गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहावर दिसते. गाइडचे नाव टाकून त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध उघडा आणि पद्धतीचे प्रकरण वाचा. सगळे प्रबंध सर्वेक्षणाचे असतील आणि तुम्हाला संग्रहात बसून जुने अंक वाचायचे असतील, तर तो गाइड माणूस म्हणून कितीही चांगला असला तरी तुमच्या कामाचा नाही.

पहिला ईमेल पानभराच्या आत ठेवा. प्रश्न काय, सामग्री कोणती आणि ती कुठे आहे, एवढ्या तीन परिच्छेदांत तो संपावा. 'सर, मला पीएच.डी. करायची आहे, विषय सुचवा' या ईमेलला उत्तर आले नाही तर नवल नाही. गाइडने दिलेला विषय बहुधा त्यांच्या सोयीचा असतो आणि तो तुम्हाला पाच वर्षे ओढावा लागतो.

प्रश्न ठरवताना

'समाजमाध्यमांचा युवकांवरील प्रभाव: एक चिकित्सक अभ्यास.' शोधगंगेवर या धर्तीच्या शीर्षकांची रांग आहे. यात माध्यम ठरलेले नाही, युवक कोणते ते ठरलेले नाही आणि 'प्रभाव' कसा मोजणार हे तर कोणालाच माहीत नाही. प्रभाव सिद्ध करायचा तर आधी-नंतरची तुलना किंवा प्रयोग लागतो. एकदाच प्रश्नावली वाटून प्रभाव कळत नाही, फार तर सवय आणि मत कळते. शीर्षकातून 'प्रभाव' हा शब्द काढून टाकला की अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात.

प्रश्न पक्का करण्याआधी सामग्री हातात येते का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. माध्यमानुसार परिस्थिती वेगवेगळी आहे.

जुनी मराठी वृत्तपत्रे आणि नियतकालिके मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्यातले केसरी-मराठा ग्रंथालय अशा ठिकाणी आहेत. तिथे जाऊन कोणत्या वर्षाचे कोणते महिने उपलब्ध आहेत याची यादी स्वतः करा. तालिकेतली नोंद आणि कपाटातला गठ्ठा यांत तफावत असते. फोटो काढू देतात का, दिवसाला किती पाने, शुल्क किती, हे त्याच भेटीत विचारून घ्या. डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रण केले आहे. त्यामुळे आंबेडकरी पत्रकारितेवर काम करणाऱ्याला निदान त्या भागापुरती सामग्री टेबलावर मिळते.

अलीकडच्या दैनिकांची ई-पेपर आवृत्ती सोपी वाटते, पण तिच्यात दोन खोडे आहेत. जुन्या पीडीएफमधला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो कॉपी केला की भलतीच अक्षरे उमटतात आणि शब्दाने शोधता येत नाही. टेसरॅक्टसारखे ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) मराठी वाचते, पण स्तंभांची मांडणी आणि जोडाक्षरे यांवर अडखळते, म्हणून मजकूर नंतर डोळ्यांखालून घालावाच लागतो. दुसरा खोडा आवृत्त्यांचा: एकाच दैनिकाच्या पुणे आणि लातूर आवृत्तीची पहिली पाने वेगळी असू शकतात. 'अमुक दैनिकाचा अभ्यास' असे म्हणून भागत नाही, आवृत्ती सांगावी लागते. जिल्हा पुरवणी धरली की नाही, तेही सांगावे लागते.

वृत्तवाहिन्यांचे सगळ्यात कठीण. मराठी वाहिन्यांच्या बुलेटिनचा संशोधकांना खुला असा सार्वजनिक संग्रह नाही. यूट्यूबवर तुकडे असतात, पण तो तुकडा म्हणजे प्रक्षेपित झालेले बुलेटिन नव्हे. बातम्यांचा क्रम आणि वेळ दोन्ही त्यातून गळलेले असतात. वाहिनीचा अभ्यास करायचाच असेल तर पुढच्या तारखा ठरवून स्वतः रेकॉर्डिंग करा, मागे जाण्याचा हट्ट सोडा.

समाजमाध्यमांत दरवाजे भराभर बंद झाले. संशोधक फेसबुकच्या पोस्ट शोधायला वापरत ते क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या मेटा कंटेंट लायब्ररीसाठी संस्थेच्या नावाने अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. ट्विटरने शैक्षणिक संशोधकांना दिलेला मोफत एपीआय (प्रोग्रामने थेट माहिती उतरवून घेण्याची सोय) २०२३ मध्ये काढून घेतला. यूट्यूबचा एपीआय त्या मानाने मोकळा आहे. दिवसाला १०,००० एकक मिळतात. शोधाच्या एका विनंतीला १०० लागतात, तर प्रतिक्रियांच्या एका पानाला, म्हणजे १०० पर्यंत प्रतिक्रियांना, फक्त एक. आधी व्हिडिओंची यादी हाताने ठरवली आणि मग प्रतिक्रिया उतरवल्या तर एका दिवसात भरपूर काम होते. व्हॉट्सॲप गटांत गुपचूप शिरून मजकूर गोळा करणे मात्र नैतिकतेत बसत नाही आणि व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, तो प्रश्न हमखास येतो. सदस्यांची संमती घ्या, नाहीतर मुलाखतींवर भागवा.

एक नमुना, जवळून

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. त्या उन्हाळ्यातले पाणीटंचाईचे वार्तांकन हा विषय घेऊ. 'पाणीटंचाईच्या वार्तांकनाचा अभ्यास' हा अजून प्रश्न नाही. प्रश्न असा होऊ शकतो: मार्च ते जून २०१६ या काळात दोन दैनिकांच्या लातूर आवृत्तीत टंचाईच्या बातम्यांत कोणाचे म्हणणे छापून आले? अधिकारी, मंत्री, टँकरचालक, पाणी भरणाऱ्या बाया, शेतकरी, तज्ज्ञ?

दिवस १२२, दैनिके दोन. दिवसाला दैनिकामागे सरासरी तीन बातम्या धरल्या तर साधारण ७३२ बातम्या होतात. एक बातमी वाचून नोंदवायला १२ मिनिटे लागली तर १४६ तास, म्हणजे रोज तीन तास बसून सात आठवडे. हा हिशेब अर्जाआधी करायचा. तो करून पाहिला तर 'पाच दैनिके, दहा वर्षे' असले शीर्षक कोणी लिहिणारच नाही.

इथे नमुना निवडायची गरज नाही, सगळ्याच बातम्या घ्याव्यात. वर्षभराच्या दैनिकासाठी 'रचित आठवडा' ही पद्धत वापरतात: सगळ्या सोमवारांतून यादृच्छिक एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस जोडायचे. रिफ, ऑस्ट आणि लेसी यांच्या १९९३ च्या अभ्यासानंतर वर्षाच्या दैनिकासाठी असे दोन आठवडे पुरेसे धरले जातात. पण तो संकेत नेहमीच्या मजकुरासाठी आहे. पाण्याची रेल्वे काही मोजक्या दिवसांत बातम्यांत उसळली. दोन रचित आठवड्यांत ती सापडेल याची खात्री नाही.

आता नोंदणीपत्रक, म्हणजे प्रत्येक बातमीची माहिती भरायचा तक्ता (कोडिंग शीट). त्यातला एक रकाना उघडून पाहू: 'स्रोत'. व्याख्या: ज्याचे म्हणणे 'म्हणाले', 'सांगितले', 'आरोप केला' अशा क्रियापदाने बातमीत दिले आहे ती व्यक्ती किंवा संस्था. पहिल्याच दिवशी अडचण येते ती 'ग्रामस्थांनी सांगितले' या वाक्याची. नाव नाही, संख्या नाही. त्याला 'नागरिक' म्हणायचे की वेगळा संकेत द्यायचा? वेगळा द्या, 'निनावी समूह' असा. कारण अधिकाऱ्याचे नाव आणि पद छापले जाते आणि गावकऱ्यांचे नाही, हाच तुमचा निष्कर्ष निघू शकतो, आणि दोघांना एका रकान्यात टाकले तर तो हरवतो. दुसरी अडचण: सरपंच. तो अधिकारी, राजकारणी की गावकरी? कोणताही निर्णय चालेल, पण तो नोंदणीच्या नियमपुस्तिकेत लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. बदललाच तर आधीच्या सगळ्या बातम्या पुन्हा तपासा.

दुसरा नोंदणीकार लागतोच. त्याला नमुन्याबाहेरच्या बातम्यांवर शिकवायचे आणि मग नमुन्यातल्या किमान १० टक्के, इथे सुमारे ७५ बातम्या, दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायच्या. जुळणी क्रिपेनडॉर्फच्या अल्फाने मोजतात; योगायोगाने होणारी जुळणी तो वजा करतो. ०.८०० किंवा वर असेल तर भरवसा ठेवता येतो, ०.६६७ ते ०.८०० मध्ये निष्कर्ष सावधपणे मांडायचे, त्याखाली असेल तर तो रकाना टाकून द्यायचा किंवा व्याख्या दुरुस्त करून पुन्हा मोजायचे. '९० टक्के जुळले' एवढ्यावर थांबू नका. जवळजवळ सगळ्या बातम्या एकाच रकान्यात पडत असतील तर दोघे डोळे मिटून लिहीत बसले तरी ९० टक्के जुळेल. सगळ्यात कमी अल्फा येतो तो 'बातमीचा सूर: सकारात्मक/नकारात्मक' या रकान्यात, कारण सूर कोणाबद्दलचा हेच ठरलेले नसते. प्रशासनाबद्दलचा सूर आणि उपायाबद्दलचा सूर असे दोन रकाने केले की जुळणी सुधारते.

३८४ चे कोडे

सर्वेक्षणाच्या प्रबंधांत ३८४ हा आकडा इतका दिसतो की तो नियमच वाटावा. तो येतो ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटिमर्यादा धरून, लोकसंख्या मोठी असताना. पण हे गणित यादृच्छिक नमुन्याचे आहे. म्हणजे आधी सगळ्यांची यादी हवी आणि तिच्यातून प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरावीक संधी हवी. गुगल फॉर्मची लिंक मित्रांच्या गटांत टाकून ३८४ उत्तरे गोळा केली तर तो सोयीचा नमुना झाला आणि त्याला ५ टक्के त्रुटी लावता येत नाही. सोयीचा नमुना वापरणे गुन्हा नाही. तो सोयीचा होता असे लिहा, आणि निष्कर्ष 'महाराष्ट्रातील युवक' असा न मांडता 'या उत्तरदात्यांपैकी' असा मांडा. वार्ताहरांचा अभ्यास असेल तर २५-३० सखोल मुलाखती ३८४ फॉर्मपेक्षा जास्त सांगून जातात, पण त्या ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवायला हव्यात. एका तासाच्या मुलाखतीला उतरवायला चार ते सहा तास लागतात, हेही वेळापत्रकात धरा.

सिनॉप्सिस आणि आरआरसी

आराखड्याची (सिनॉप्सिसची) लांबी आणि साचा प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो. तो उतरवून घ्या आणि तंतोतंत पाळा. तो मंजूर करणाऱ्या संशोधन व मान्यता समितीत (आरआरसी) तुमच्या विषयाबाहेरचे सदस्यही असतात. त्यांच्याकडे मोजकी मिनिटे असतात आणि बहुधा तीन ठिकाणी बोट ठेवले जाते: उद्दिष्टे फार आहेत, गृहीतक तपासता येण्याजोगे नाही, पूर्वीच्या संशोधनाशी सांधा दाखवलेला नाही. उद्दिष्टे चारापर्यंतच ठेवा. गुणात्मक अभ्यासाला गृहीतक लागतेच असे नाही, पण साच्यात रकाना असेल तर तो कोरा न सोडता 'संशोधन प्रश्न' तिथे लिहा आणि का ते एका वाक्यात सांगा.

सिद्धान्त नावापुरता चिकटवू नका. मॅककोम्ब्स आणि शॉ यांचा विषयसूची-निर्धारणाचा (अजेंडा सेटिंगचा, म्हणजे माध्यमे ज्याला महत्त्व देतात ते लोकांनाही महत्त्वाचे वाटते का याचा) अभ्यास १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीवर चॅपल हिलमध्ये झाला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माध्यमांचा मजकूर आणि मतदारांची उत्तरे अशा दोन्ही बाजू मोजल्या होत्या. फक्त मजकूर तपासणाऱ्या प्रबंधाने त्याचा आधार घेतला तर निम्मा पुरावा गायब असतो. वरच्या लातूरच्या उदाहरणाला स्रोतांविषयीचे संशोधन किंवा चौकटीकरण (फ्रेमिंग, म्हणजे बातमी कोणत्या अंगाने मांडली ते पाहणे) जास्त शोभेल.

कोर्सवर्क आणि रॅक

कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचे, त्यात संशोधन व प्रकाशन नैतिकता हा पेपर सक्तीचा, आणि उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. इथे फार कोणी अडकत नाही, अर्धवेळवाले हजेरीत अडकतात.

रॅक म्हणजे संशोधन सल्लागार समिती. तिच्यापुढे दर सत्राला प्रगती मांडायची असते. अहवालावर सह्या, तारीख आणि जावक क्रमांक हवा आणि त्याची प्रत तुमच्याकडे हवी. प्रबंध सादर करताना जुने अहवाल मागतात आणि तोपर्यंत समितीतले एखादे सदस्य निवृत्त झालेले असतात. लग्नामुळे किंवा इतर कारणाने महिला संशोधकाला गाव बदलावे लागले तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूद नियमावलीत आहे. ही तरतूद सगळ्या कार्यालयांना ठाऊक असेलच असे नाही, तेव्हा परिपत्रकाची प्रत सोबत न्या.

पैसे

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे. वयाची अट ३० वर्षे. राखीव प्रवर्ग आणि महिलांना पाच वर्षे सवलत. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती अधिछात्रवृत्ती देतात. या जाहिराती दरवर्षी ठरल्या महिन्यातच निघतील असे नाही आणि निकालानंतर पहिला हप्ता यायला वेळ लागतो. निदान पहिल्या वर्षाची सोय स्वतःची ठेवा. नोंदणीपत्र, गाइडचे पत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र तयार असू द्या. नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली असते आणि ते शेवटच्या दिवशी लक्षात येते.

शोधनिबंध आणि साम्य तपासणी

२०२२ च्या नियमावलीने पीएच.डी. सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येण्याची देशव्यापी सक्ती काढली, पण विद्यापीठाला स्वतःची अट ठेवता येते. तुमच्या विद्यापीठाची अट लेखी मिळवा. यूजीसी-केअर ही आयोगाची मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हा 'आमचे जर्नल केअरमध्ये आहे, दोन दिवसांत छापून देतो' म्हणणाऱ्यांकडे जाण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही. संपादक मंडळ कोण, समीक्षणाला किती आठवडे लागतात आणि मागच्या अंकात तुमच्या विषयाचे काय छापले आहे, एवढे पाहिले तरी बनावट जर्नल ओळखू येते.

साम्याच्या, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलण्याच्या, बाबतीत आयोगाचे २०१८ चे नियम लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे यातून वगळतात. मराठी प्रबंधात साम्य कमी दाखवले म्हणून निर्धास्त राहू नका, मराठीतले जुने मुद्रित साहित्य संगणकाच्या साठ्यात कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. परीक्षकाने मूळ पुस्तक वाचलेले असते.

मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकन करा. पाच वर्षांनी जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना रफार आणि पोटफोड्या ष यांची जी दुर्दशा होते ती निस्तरायला महिना जातो. संदर्भ झोटेरोमध्ये (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवा. तो देवनागरी नोंदी घेतो, पण मराठी आणि इंग्रजी संदर्भ एका यादीत द्यायचे की दोन, हे विभागाला विचारून आधीच ठरवा.

सादर करणे आणि व्हायवा

अंतिम सादरीकरणापूर्वी विभागात पूर्वसादरीकरण होते. तिथल्या सूचना लिहून घेऊन कोणती कुठे पाळली याचा तक्ता जोडा. प्रबंध गाइडव्यतिरिक्त किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर पर्यायी परीक्षक नेमला जातो. सादर केल्यापासून सहा महिन्यांत ही प्रक्रिया पूर्ण व्हावी असा नियम आहे. तीन महिन्यांनंतर परीक्षा विभागात लेखी चौकशी करायला संकोच नको. पाकीट कुठेतरी टेबलावर पडून राहिलेले असते.

व्हायवा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतो. परीक्षक निष्कर्षांपेक्षा निवडींवर विचारतात: हीच दैनिके का, हाच काळ का, दुसरा नोंदणीकार कोण होता, त्याला काय शिकवले. नियमपुस्तिका आणि भरलेली नोंदणीपत्रके टेबलावर घेऊन बसा.

निकालानंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेवर जाते. मुलाखत दिलेल्यांची खरी नावे किंवा फोन क्रमांक परिशिष्टात राहिले नाहीत ना, ते पीडीएफ देण्याआधी तपासा, कारण नंतर ते सगळ्या जगाला दिसते. विद्यापीठाकडून तात्पुरते प्रमाणपत्र घ्या. पदवी आयोगाच्या नियमावलीनुसार दिली आहे असे त्यात लिहिलेले असावे लागते आणि सहायक प्राध्यापकाच्या अर्जाला ते वाक्य मागतात. नावाचे मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का, ते खिडकीवरून हलण्याआधी वाचून घ्या.